हातच्या भेटीचे माप

गेल्या जानेवारीतली गोष्ट. घाटकोपरला नणंदेकडे गेलो होतो. दारातच बोहारीण बसली होती. एका बाजूला जुन्या कपड्यांचा ढीग, दुसऱ्या बाजूला स्टीलची भांडी आणि मध्ये जोरात घासाघीस. "एवढ्या कपड्यांवर झाकणासकट पातेलं पाहिजे," असे नणंद म्हणत होती आणि बोहारीण एकेक कपडा उलगडून त्याची भोके आणि डाग दाखवीत होती. तेवढ्यात तिने ढिगातून पिस्ता रंगाचा एक छोटा स्वेटर उचलला, उजेडाकडे धरला आणि म्हणाली, "हा तर नवाच दिसतोय की!"

तो नवाच होता. चार वर्षांपूर्वी आम्हीच भाच्यासाठी विणला होता.

नणंदेचे लक्ष आमच्याकडे गेले आणि ती कावरीबावरी झाली. आम्ही सलाम करून आत गेलो, पाणी मागितले आणि पंख्याखाली बसलो. त्यावर ती काही बोलली नाही, आम्हीही नाही. पातेले झाकणासकट मिळाले, एवढे मात्र कानावर आले.

खरे सांगायचे तर त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. त्या स्वेटरमागे आमचे पाच आठवडे गेले होते. शाळेतून आल्यावर, वह्या तपासून झाल्यावर, इशाच्या नमाजनंतर रोज तासभर. पुढच्या बाजूला वेणीची नक्षी होती. ती घालताना चार-चार टाके तिसऱ्या सुईवर उचलून पुढे-मागे फिरवावे लागतात. दोनदा टाका सुटला तेव्हा चार बोटे विणलेले उसवून पुन्हा घातले होते. आणि त्याची किंमत काय झाली, तर पातेल्याचे झाकण!

पण आम्ही शिक्षक. मुलाने गणित चुकवले की कोणत्या पायरीवर चुकले ते शोधायची सवय. म्हणून दुसऱ्या दिवशी आमचेच गणित तपासायला बसलो. पोर तेव्हा चार वर्षांचे होते. त्याचे डोके, छाती, हात आम्ही मोजलेच नव्हते, अंदाजाने टाके घातले होते. गळा लहान झाला होता. पहिल्यांदा घालताना स्वेटर डोक्यात अडकला आणि ते रडले, हे आम्हाला आठवले. त्यातून मुंबईची थंडी ती केवढी! आणि वेणीची नक्षी आम्ही का निवडली होती? पोराला आवडते म्हणून नव्हे. ती अवघड होती म्हणून. स्वेटर भाच्याच्या अंगावर जाण्याआधी तीन दिवस आमच्या स्टाफरूममध्ये फिरला होता. "काय हात आहे हो तुमचा!" हे आम्ही पोटभर ऐकून घेतले होते. म्हणजे भेटीचा मोबदला आम्ही आधीच वसूल केला होता. भाच्याच्या वाट्याला उरली होती ती टोचणारी लोकर.

वाचक भगिनींनो, आपल्यापैकी अनेकींच्या हाताला विणकामाची हौस आहे. कुणी दोन सुयांवर लोकर विणते, कुणी क्रोशाच्या एका आकड्यावर सुती दोरा. मैत्रिणीच्या बाळासाठी मोजे, जावयासाठी टोपी, लेकीच्या रुखवतासाठी थाळपोश अशा भेटी आपण करीत असतो. म्हणून या महिन्यात आमचीच चूक तुमच्यापुढे ठेवतो आहोत. हातच्या भेटीचे माप कुठून घ्यायचे असते, हे आम्हाला या एका वर्षात कळले. तेही विणकामाच्या पुस्तकातून नव्हे.

आधी थंडीबद्दल. आमच्या या उपनगरांत हवामान खात्याचा पारा सांताक्रूझला असतो. तिथे आजवरचे सर्वात कमी तापमान ७.४ अंश नोंदले गेले, ते जानेवारी १९६२ मध्ये. आमची नानी त्या थंडीची गोष्ट सांगत असे. घरात एकही उबदार कपडा नव्हता, सगळ्यांनी चादरी गुंडाळून रात्र काढली. पण नानी सुया हातात घ्यायला शिकली ती त्या थंडीमुळे नव्हे, त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका थंडीमुळे. ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनशी युद्ध सुरू झाले. आपले जवान हिमालयात पुरेशा गरम कपड्यांवाचून लढत आहेत, हे कळल्यावर देशभर घराघरांत बायकांनी सुया हातात घेतल्या. नानी तेव्हा मुंबईतल्या एका शाळेत शिवणकाम शिकवीत असे. शाळेत लोकर वाटली गेली, मापाचे कागद वाटले गेले आणि सांगितले गेले की नक्षी नको, रंग नको, मापाबाहेर एक टाका नको. नानी हसून म्हणायची, "माझं सगळ्यात साधं विणकाम ते. नुसतं सुलट-उलट. पण तेवढंच कुणाच्या तरी खऱ्या कामाला आलं असेल."

हे वाक्य आम्ही लहानपणी ऐकले होते. समजायला चाळिशी उलटावी लागली.

आपल्या दीनमध्येही हाताने विणलेल्या भेटीची एक फार सुंदर हकिकत आहे. सहीह बुखारीमध्ये हजरत सहल बिन साद (रजि.) यांच्याकडून ती आली आहे. एका बाईने काठाची चादर स्वतःच्या हाताने विणली आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांना आणून दिली. आपल्याला तिची गरज होती म्हणून त्यांनी ती घेतली, आणि नेसूनच ते लोकांत आले. तिथे एका माणसाला ती आवडली आणि त्याने मागितली. प्रेषितांनी (स.) ती त्याला देऊन टाकली. लोकांनी त्या माणसाला बोल लावला की, त्यांना गरज आहे हे माहीत असताना आणि ते कुणालाही नाही म्हणत नाहीत हे ठाऊक असताना तू मागितलीसच कशी? त्यावर तो म्हणाला की, अंगावर घालायला नव्हे, आपल्या कफनासाठी मागितली. आणि पुढे तीच चादर त्याचे कफन झाली.

ही हकिकत आम्ही वर्गात अनेकदा सांगितली आहे. दर वेळी भर दिला तो प्रेषितांच्या (स.) औदार्यावर, आणि ते योग्यच आहे. पण बोहारणीच्या दिवसानंतर आमचे लक्ष त्या विणणाऱ्या बाईकडे गेले. तिने अशी वस्तू विणली की जिची घेणाऱ्याला गरज होती. आणि ती चादर पुढे दुसऱ्याकडे गेली, तेव्हा ती रुसल्याचा शब्दही त्या हकिकतीत नाही. भेट दिली की ती आपली राहत नाही. मग आमच्या स्वेटरचे नणंदेने पातेले केले तर आम्ही रुसणारे कोण?

आता मूळ गोष्टीकडे वळतो.

आम्ही राहतो अंधेरी पूर्वेला, मरोळला. शाळा घाटकोपरला. मरोळ नाका ते घाटकोपर मेट्रोने दहा-बारा मिनिटे लागतात. बसायला जागा मिळाली की जाताना क्रोशाच्या दोन फेऱ्या होतात, येताना दोन. आमच्या मरोळमध्ये दाऊदी बोहरा बंधू-भगिनींची मोठी वस्ती आहे. त्यांच्या अल जामिया-तुस-सैफियाचे भव्य आवार इथेच आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. बोहरा पुरुषांची ती पांढरी, सोनेरी काठाची टोपी तुम्ही पाहिली असेलच. अशा टोप्या त्यांच्या घरच्या बायका घरी क्रोशाने विणतात. बापासाठी लेक, नवऱ्यासाठी बायको, भावासाठी बहीण. आमच्या शेजारच्या बोहरा खालाजानने आम्हाला टोपी शिकवली, तीही दुपारच्या चहाच्या कपावर, दोन उन्हाळी सुट्ट्यांत.

टोपीचे गणित मुलांना सांगण्यासारखे आहे. आकड्यावर दोऱ्याचा फास घालायचा आणि त्यात सहा मुके खांब विणायचे. पुढच्या फेरीत बारा, मग अठरा, मग चोवीस, मग तीस. सहाचा पाढाच तो! दर फेरीला सहा टाके वाढवले की तुकडा चपातीसारखा सपाट पसरतो. सातवा टाका वाढवला तर कडेला झालर येते, पाचच वाढवले तर तुकडा आत ओढला जातो. हवी तेवढी रुंदी झाली की वाढ थांबवायची. वाढ थांबली की तीच चपाती वाटीसारखी खाली वळू लागते. या वळणावर खालाजान नेहमी सांगायची, "डोकं मोजल्याशिवाय वाढ थांबवू नको. टोपी दोऱ्याची नसते, डोक्याची असते."

हेच गणित पुढे कुठे उपयोगी पडणार आहे, याची आम्हाला तेव्हा कल्पना नव्हती.

आमची एक मैत्रीण आहे. बी.एड.ला आम्ही एकाच बाकावर होतो. योगायोगाने नोकरीही एकाच शाळेत लागली. ती मुलांना विज्ञान शिकवते, आम्ही मराठी. दोन वर्षांपूर्वी तिला छातीत गाठ लागली. विज्ञान शिकवणारी बाई ती, पण गाठ हाताला लागल्यानंतरचे सात महिने तिने कुणाला सांगितले नाही. मुलीची बारावी होती, सासूबाईंचे गुडघे होते आणि मुख्य म्हणजे लाज होती. सांगायचे तरी कुणाला आणि कोणत्या शब्दांत? शेवटी परळला टाटा रुग्णालयात गेली तेव्हा एका बाजूचा स्तन काढण्याखेरीज डॉक्टरांपुढे मार्ग उरला नव्हता. अल्लाहच्या मेहेरबानीने उपचार वेळेत संपले आणि ती शाळेत परतली. पण परतली ती अर्धीच.

पूर्वी प्रार्थनेच्या वेळी ती मुलांसमोर उभी असे, आता मागच्या रांगेच्या कोपऱ्यात. ओढणी एका बाजूला ओढून पिनेने पक्की केलेली आणि हात सतत त्या पिनेवर. बुरखा घालूनच ती येते, तरी हे. घरचे म्हणत, "बुरख्यात कोणाला काय दिसतंय?" ती आम्हाला एकदा म्हणाली, "कोणाला दिसत नसेल. मला दिसतं ना. आणि बायकांत बसल्यावर बुरखा उतरतोच की." सख्ख्या भाचीच्या निकाहाला ती गेली नाही. तब्येतीचे कारण सांगितले.

आम्ही काय केले? तिच्यासाठी शाल विणली. मरून रंगाची, जाड, झालरीची, सहा आठवड्यांची. पुन्हा तेच! ती म्हणाली, "अल्लाह तुला खुश ठेवो," आणि शाल घडी करून पिशवीत ठेवली. महिन्याभराने कळले की शस्त्रक्रियेच्या बाजूचा हात सुजतो आणि त्या खांद्यावर वजन सोसत नाही. आम्ही रोज तिच्या शेजारी बसून डबा खात होतो, पण एवढे विचारले नव्हते.

तिच्याकडे सिलिकॉनचा कृत्रिम स्तनही होता. कित्येक हजार रुपये घालून घेतलेला. पण तो जड, आणि मुंबईच्या घामात तासाभरात अंगाला चिकटणारा. तो कपाटातच राही. मग ब्रेसियरमध्ये जुना रुमाल घडी करून ठेवायचा. तो वर सरकायचा आणि मग हात पुन्हा पिनेवर.

एके दिवशी मेट्रोत आम्ही टोपी विणत होतो. वाढ थांबवून तुकडा नुकताच वाटीसारखा वळला होता. तिने तो हातात घेतला, उलटा करून तळहातावर ठेवला आणि बराच वेळ पाहत राहिली. साकीनाका गेले, असल्फा गेले. मग इतक्या हळू आवाजात, की आम्हाला वाकून ऐकावे लागले, ती म्हणाली, "मला अशी एक विणून देशील? लहान. आत काहीतरी भरून."

तिला वाटले होते की ही तिचीच कल्पना. आम्हालाही तसेच वाटले. घरी येऊन शोधले तेव्हा कळले की जगात अनेक बायकांना हे सुचले आहे. कॅनडातील बेरिल त्सांग नावाच्या बाईंनी स्वतः या आजारातून गेल्यावर असा विणलेला स्तन बनवला आणि २००५ मध्ये त्याची कृती प्रसिद्ध केली. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील बार्बरा डेमोरेस्ट यांना २०११ मध्ये शस्त्रक्रियेनंतर त्यांच्या डॉक्टरांनीच अशा विणलेल्या स्तनाचे छायाचित्र दाखविले. त्यांच्या एका मैत्रिणीने तो विणून दिला. त्यातून त्यांनी 'निटेड नॉकर्स' हे काम उभे केले. नाव थोडे खट्याळ आहे, पण काम मोठे आहे. विणणाऱ्या बायका ते विणून गरजू बायकांना मोफत देतात, आणि विणण्याची कृतीही सर्वांना खुली आहे.

आणि हे सगळे सातासमुद्रापारच आहे असे नाही. आपल्या मुंबईत जयश्री रतन यांनी सुरू केलेले साईशा इंडिया फाउंडेशन हेच काम करते. देशातल्या निरनिराळ्या शहरांतल्या स्वयंसेविका सुती दोऱ्याने हे विणतात आणि शस्त्रक्रिया झालेल्या बायकांना एक पैसाही न घेता देतात. विणणारी कोण आणि घेणारी कोण, त्यांची बहुधा भेटही होत नाही. न पाहिलेल्या बहिणीला तिच्या मापाची भेट!

हे काम किती जणींसाठी लागते, याचाही विचार करा. भारतात बायकांना होणाऱ्या कर्करोगांत स्तनांचा कर्करोग आज पहिल्या क्रमांकावर आहे. जागतिक आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण नोंदले गेले. त्यांतल्या कितीतरी जणी आपल्या मैत्रिणीसारख्याच ओढणीच्या पिनेवर हात ठेवून बसलेल्या असतील.

आम्ही विणायला घेतले. आता मात्र आधी विचारले. दुसऱ्या बाजूचे माप विचारले. जखमेची त्वचा कशी आहे, ते विचारले. डॉक्टरांना विचारून ये, असेही सांगितले, कारण जखम पूर्ण भरल्याशिवाय यातले काहीच वापरायचे नसते. लाज वाटली, तिलाही आणि आम्हालाही. पण न विचारता सहा आठवडे विणलेल्या शालीपेक्षा पाच मिनिटांची लाज बरी.

लोकर घेतली नाही. लोकर टोचते, घामात चिकटते. मऊ सुती दोरा घेतला आणि तो आधी धुऊन वाळवला, म्हणजे नंतर आटायला नको. मधोमध सहा मुके खांब, मग बारा, अठरा, चोवीस. खालाजानचाच पाढा. माप आले तशी वाढ थांबवली, वाटी वळली. मागची बाजू टाके कमी करीत आणून दोऱ्याने आवळून बांधली, म्हणजे आतले भरण पुढे कमी-जास्त करता येते. भरायला साधा कापूस घ्यायचा नाही, धुतल्यावर त्याच्या गाठी होतात. उशीत भरतात तो पॉलिस्टरचा कृत्रिम कापूस घ्यायचा, तो लवकर वाळतो.

पहिला तयार झाला तो चेंडूसारखा टणक, कारण आम्ही हौसेने दाबून भरला होता. दुसरा मापाला बरोबर, पण दोऱ्याची गाठ नेमकी व्रणाच्या बाजूला आली. तिने एक दिवस घातला आणि संध्याकाळी न बोलता परत दिला. आम्ही तो उसवला. आश्चर्य म्हणजे या वेळी उसवताना वाईट वाटले नाही. तिसऱ्यात गाठ बाहेरच्या अंगाला घेतली आणि भरण तिच्याच हातात दिले, "तुझं तू भर. तुला बरं वाटेल तेवढंच." तिने थोडे भरले, थोडे काढले, पुन्हा थोडे भरले.

हा तिसरा आम्ही स्टाफरूममध्ये दाखवला नाही. तो दाखवण्यासारखा नव्हताच. बदामी रंगाचा, बिननक्षीचा, मूठभर वजनाचाही नाही. आमच्या आयुष्यातले सगळ्यात साधे विणकाम. नानीचे शब्द आठवले.

पुढच्या सोमवारी प्रार्थनेला ती कोपऱ्यात नव्हती. पहिल्या रांगेपुढे, तिच्या जुन्या जागी उभी होती. ओढणी दोन्ही खांद्यांवर सारखी. एका पोराने रांगेत धक्काबुक्की केली तेव्हा तिने दोन्ही हात वर करून त्याला दम भरला. दोन्ही हात! आम्ही दुसरीकडे बघितले, कारण डोळे भरून आले होते आणि मुले समोर होती.

तिने आभार मानले नाहीत. मधल्या सुट्टीत डबा उघडताना एवढेच म्हणाली, "अजून एक विण. हा धुवायला टाकल्यावर दुसरा लागेल."

भगिनींनो, वीस-पंचवीस वर्षे आम्ही विणतो आहोत. "काय हात आहे!" असे शेकडो वेळा ऐकले. पण "अजून एक लागेल" यासारखी शाबासकी आजवर मिळाली नव्हती. आपली वस्तू धुतली जाते आहे, विरते आहे, तिची जोडी मागितली जाते आहे, म्हणजे ती कुणाच्या तरी अंगवळणी पडली आहे. कपाटात जपून ठेवलेली भेट दिसायला सुंदर असेलही, पण तिचे माप चुकलेले असते.

या सगळ्यातून आम्ही आमच्यापुरते काही नियम केले आहेत. पटले तर तुम्हीही घ्या.

सुया हातात घेण्याआधी विचारा. "तुझ्यासाठी काही विणू का, आणि काय विणू?" असे विचारल्याने भेटीची गंमत जाते, हा आमचाही समज होता. तो चुकीचा आहे. म्हाताऱ्या माणसाला पुढून उघडणारे काही द्या, त्यांना हात वर करून डोक्यातून घालता येत नाही. तान्ह्या बाळाला केसाळ लोकर, सैल मणी-बटणे आणि गळ्याशी बांधायच्या लांब नाड्या नकोत. साधी सुती कुंची आणि मोजे पुरेत. इथल्या हवेला सूत बरे. लोकर ठेवा ती पुणे-नाशिककडच्या किंवा उत्तरेकडच्या नातलगांसाठी.

वेळेचा हिशोब करा. ईद-उल-फित्रला टोपी द्यायची तर रजबमध्ये टाके घाला. रमजानमध्ये सहरी-इफ्तारी आणि इबादत यांतून विणायला बसायचे म्हटले तर दोन्हींचे नुकसान. आमच्या हाताला दाट विणीची एक टोपी पंधराएक तास घेते. आणि शेजारीण जेव्हा "मलाही एक विणून दे, दोनशे रुपये देईन" म्हणते, तेव्हा या तासांचा भागाकार मनातल्या मनात करून पाहा. भेट कुणाला द्यायची हे देणारीने ठरवायचे असते. मागणी असेल तर मग ते काम झाले, आणि कामाचे रास्त दाम मागायला लाजू नये. घरी बसून टोप्या, झालरी विणून चार पैसे मिळवणाऱ्या बायकांशीही म्हणूनच घासाघीस करू नये.

आणि एकदा दिल्यावर "घातलास का?" असे विचारू नका. त्या काठाच्या चादरीची हकिकत आठवा.

शेवटची गोष्ट विणकामाची नाही, पण ती सांगितल्याशिवाय हे पान पुरे होणार नाही. आमच्या मैत्रिणीने जे सात महिने लपवले, ते आपल्या घरातल्या कुणी लपवू नयेत. छातीत गाठ लागली, त्वचा ओढल्यासारखी वाटली, काही वेगळे दिसले, तर मुलीची बारावी होईपर्यंत थांबू नका. नवऱ्याला सांगा, बहिणीला सांगा, लाज वाटत असेल तर लेडी डॉक्टरकडे जा, पण जा. माय-लेकींनी, जावा-जावांनी या गोष्टी एकमेकींशी बोलाव्यात. दुपारी चहाच्या कपावर सुया हातात घेऊन बसलात की डोळ्याला डोळा न भिडवता पुष्कळ बोलता येते, हाही विणकामाचा एक फायदाच आहे.

परवा नणंदेकडे पुन्हा जाणे झाले. भाचा आता आठ वर्षांचा आहे. आमच्या हातातला क्रोशा पाहून म्हणाला, "मामी, मला ईदला टोपी विणून देशील? पण टोचणारी नको." नणंद स्वयंपाकघराच्या दारात थबकली. आम्ही हसलो, पिशवीतून दोरा काढला, त्याला जवळ बसवले आणि आधी त्याचे डोके मोजले.